तोटीतलं शिसं नेमकं कोणाच्या खात्यात? दोन खात्यांना एक खुलं पत्र

प्रति,
पाणीपुरवठा व स्वच्छता विभाग, महाराष्ट्र शासन
आणि
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, सायन, मुंबई

स.न.वि.वि.

दोन खात्यांना मिळून एकच पत्र लिहितोय, ते मुद्दाम. वेगवेगळं लिहिलं असतं तर तुम्ही ते त्यांच्याकडे 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' पाठवलं असतं, त्यांनी तुमच्याकडे, आणि मी आवक क्रमांकाचा कागद पाकिटात जपत बसलो असतो. म्हणून दोघांनी शेजारी बसून वाचा. चहा माझ्याकडून.

मी प्लंबर. आयटीआय केलंय, सव्वीस वर्षं झाली या लाइनीत, आता चार पोरं हाताखाली आहेत आणि सोसायट्यांची, शाळांची कामं घेतो. वडील नगरपालिकेच्या पाणी खात्यात फिटर होते. त्यामुळे शिसं हा शब्द मी शाळेच्या पुस्तकात वाचायच्या आधी घरात ऐकलाय. बिडाच्या पाइपचा सांधा तेव्हा शिशाने भरायचे, आजच्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटतं. एका पाइपचं तोंड दुसऱ्याच्या सॉकेटमध्ये बसवायचं, मधल्या फटीत सुतळी छिन्नीने ठोकून ठोकून भरायची, मग तोंडाभोवती चिकणमाती फासलेला दोर गुंडाळायचा, वर बोटभर जागा मोकळी सोडायची आणि कढईत वितळवलेलं शिसं पळीने त्या भोकातून एका दमात ओतायचं. एका दमात, कारण हात मधे थांबला की सांधा दोन तुकड्यांचा होतो आणि मग गळतो. आत थेंबभर पाणी राहिलं असेल तर शिसं फाटकन वर उडतं, वडिलांच्या डाव्या मनगटावर त्याचा डाग होता, पावलीएवढा. थंड झालं की शिसं आकसतं म्हणून परत ठोकायचं. आणि कढईत उरलेलं शिसं घरी यायचं, आम्ही पोरं त्याच्या गोळ्या करून गळाला लावायचो, कधी दाताने चेपायचो. कोणी ओरडायचं नाही, कारण कोणाला माहीतच नव्हतं.

वडील आता नाहीत. त्यांच्या तब्येतीचा आणि शिशाचा संबंध मी लावत नाही, कारण तपासलंच नव्हतं कोणी. पण तेच शिसं आजही पाण्याच्या लाइनीत आहे, फक्त त्याने जागा बदलली आहे, आणि ते नक्की कोणी बघायचं हे मला सव्वीस वर्षांत कळलेलं नाही, त्यासाठी हे पत्र.

झालं काय ते आधी सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका जुन्या अपार्टमेंटमध्ये, बिल्डिंग ऐंशीच्या दशकातली, तिसऱ्या मजल्यावरचं एक जोडपं माझ्याकडे आलं. दीड वर्षाचं बाळ, रक्त कमी, लोहाचं औषध चालू होतं पण हवा तसा फरक पडत नव्हता, म्हणून बालरोगतज्ज्ञांनी रक्तातलं शिसं तपासायला सांगितलं, ते थोडं वर निघालं. डॉक्टर चांगले होते, त्यांनी सगळं विचारलं, भिंतीचा रंग, खेळणी, सुरमा-काजळ, सुटी हळद, कल्हईची भांडी. (कल्हईचं ऐकून मला बरं वाटलं, कारण कथील महाग आणि शिसं स्वस्त, काही कल्हईवाले काय मिसळतात ते आमच्या लाइनीतल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.) शेवटी विचारलं, पाणी? आई म्हणाली पाणी तर पालिकेचंच आहे, शुद्ध केलेलं. आणि ते खरंच होतं.

मी त्यांच्या किचनचा नळ बघितला. पितळी, वरून चकचकीत क्रोम, नाव नाही गाव नाही, कोणीतरी भाडेकरू असताना बसवलेला. मागे जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा पाइप, आणि सांध्यांना सफेदा-धागा. सफेदा म्हणजे काय ते आजच्या पोरांना माहीत नाही, जुना सफेदा म्हणजे सरळ शिशाचाच पदार्थ, आम्ही तो बोटाने चुड्यांवर, म्हणजे पाइपाच्या आट्यांवर फासायचो आणि पँटला पुसून वडापाव खायचो. मी म्हटलं पाणी तपासून घेऊ. पालिकेच्या प्रयोगशाळेत गेलो, कुठल्या पालिकेच्या ते लिहीत नाही कारण तिथल्या माणसाची चूक नव्हती, तो म्हणाला आम्ही क्लोरीन बघतो, जंतू बघतो, गढूळपणा बघतो, आणि नमुना टाकीवरून घेतो, तुमच्या घरातल्या नळाचं आमच्याकडे नसतं. मीटरच्या पुढे तुमचं तुम्ही.

मग खासगी लॅब. त्या मुलीला (बाळाच्या आईला) सांगितलं, रात्री अकरानंतर किचनचा नळ अजिबात उघडायचा नाही. सकाळी साडेपाचला मी गेलो, कोणी चूळ भरायच्या आधी पहिली बाटली भरली. मग नळ तीन मिनिटं सोडून दुसरी भरली. दोन बाटल्या, एकच नळ, मधे तीन मिनिटं. पहिली मर्यादेच्या वर निघाली, दुसरी खाली. आकडे मुद्दाम लिहीत नाही, एका नळावरून शहराचा निकाल लावायचा नसतो आणि बाळाच्या रक्तातलं शिसं त्या नळातूनच आलं असंही मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण टाकीवरून नमुना घेतला असता तर पहिली बाटली कधी दिसलीच नसती, एवढं मात्र नक्की.

मुद्दा इथेच आहे साहेब. पाण्यातली बाकी घाण नदीतून येते, धरणातून येते, गळक्या लाइनीत गटारातून शिरते. शिसं बहुतेक वेळा वाटेत लागतं. शुद्धीकरण केंद्रातून पाणी स्वच्छ निघतं आणि शेवटच्या दहा-वीस फुटांत, तुमच्या-आमच्या भिंतीत, शिसं उचलतं. रात्रभर पाइपात आणि नळात पाणी तसंच उभं राहतं, आणि आपल्याकडे तर दिवसातून तास-दीड तास पाणी येणार, म्हणजे उरलेला सगळा वेळ ते एकतर उभं आहे किंवा लाइन रिकामी आहे. पाणी मऊ असेल, थोडं आम्ल असेल तर जास्त उचलतं, जड पाण्याचा क्षार आतून बसला तर कमी. गरम पाणी जास्त उचलतं. आणि उकळून शिसं जात नाही, उलट पाणी आटतं आणि शिसं तेवढंच राहतं, हे आपल्या बायाबापड्यांना कोणी सांगितलंय का कधी? आपण प्रत्येक पावसाळ्यात 'पाणी उकळून प्या' एवढंच सांगतो.

भारतीय मानक आयएस १०५०० काढून बघा, २०१२ ची आवृत्ती. शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, आणि त्याच्यापुढे लिहिलंय की सूट नाही. काही पदार्थांना 'दुसरा स्रोत नसेल तर इतकं चालेल' अशी सवलत आहे, शिशाला नाही. ०.०१ मिलिग्रॅम म्हणजे किती, मी पोरांना असं सांगतो की गच्चीवरच्या हजार लिटरच्या भरलेल्या टाकीत वजनाने बाजरीच्या एका दाण्याएवढं शिसं, बस, तिथे मर्यादा संपली. आणि नळ? पाव किलोच्या साध्या पितळी नळात दोन-तीन टक्के शिसं धरलं तर पाच-सात ग्रॅम होतं. ते सगळं काही पाण्यात उतरत नाही, घाबरवायचं नाहीये मला, पण सुरुवातीच्या महिन्यांत नवा नळ जास्त सोडतो. पितळात शिसं घालतात कारण त्याने मशीनवर चुडी नीट पडते, किस तुटून पडतो, हत्यार झिजत नाही. आपल्याकडे पितळाच्या ज्या जाती सहसा नळाला वापरतात त्यात शिसं धरलेलंच असतं. आणि दुकानात गिऱ्हाईक विचारतं काय, तर वजन. 'जड द्या, हलका नको.'

पण हे जे १०५०० आहे ते नळाच्या पाण्याला कायद्याने बंधनकारक नाही हे किती जणांना माहीत आहे? बाटलीतल्या पाण्याला आहे. वीस रुपयांच्या बाटलीत शिसं मर्यादेपेक्षा जास्त निघालं तर अन्नसुरक्षेच्या कायद्याखाली कंपनीला पकडता येतं. नळाच्या पाण्यात निघालं तर १०५०० हा मार्गदर्शक कागद. म्हणजे जो बाटली विकत घेऊ शकतो त्याच्या पाठीशी कायदा आणि जो नळावर उभा आहे त्याच्या पाठीशी सदिच्छा.

गावाकडचं वेगळं सांगायला नको, तिथली पद्धत तर मला मनापासून आवडते. जलसुरक्षक असतो, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर मोजून टाकतो, पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायला ओटी टेस्ट घेतो, थेंब टाकला की पिवळं आलं पाहिजे. वर्षातून दोनदा स्रोताभोवतीची स्वच्छता बघून ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं, लाल कार्ड. लाल कार्ड आलं की सरपंचाची झोप उडते, गावात चर्चा होते. इतकी साधी, सगळ्यांना कळणारी गोष्ट आपल्याच राज्याने केलीये. पण ते कार्ड विहिरीकडे बघतं, टाकीकडे बघतं, व्हॉल्व्हच्या खड्ड्याकडे बघतं. तोटीकडे कोणी बघत नाही. १५ ऑगस्ट २०१९ ला जलजीवन मिशन जाहीर झालं, तेव्हापासून घराघरात नळ गेले, मीही त्यात सब-काँट्रॅक्टवर कामं केली, बिलाला माप घेताना इंजिनियर साहेबांनी पाइपाची जाडी मोजली, खड्ड्याची खोली मोजली, तोटी आहे का नाही ते मोजलं. तोटी कसली आहे ते एकदाही विचारलं नाही. आणि मीही सांगितलं नाही, दर जो होता त्यात जी येते ती लावली. हे कबूल करतो.

आता तुम्ही म्हणाल, अरे बाबा इथे अजून काही ठिकाणी टँकर लागतात, पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ येते, नायट्रेट आहे, फ्लोराइड आहे, आणि तू शिसं घेऊन बसलास. बरोबर आहे. जुलाबाने मूल चार दिवसांत जातं, नळातल्या शिशाने जात नाही. शिशाने ते राहतं, पण वर्गात मागे पडतं, चिडचिड करतं, लक्ष लागत नाही, आणि बाई म्हणतात 'ढ' आहे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते शिशाची सुरक्षित पातळी अशी नाहीच. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी २०२० मध्ये अहवाल काढला त्यात जगातल्या तीनातल्या एका मुलाच्या, म्हणजे ८० कोटींपर्यंत मुलांच्या रक्तात डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसं असल्याचा अंदाज होता, आणि त्यातली साडेसत्तावीस कोटींच्या आसपास आपल्या देशातली. सगळं पाण्यातून नाही आलेलं, बॅटरीच्या भट्ट्या, मसाले, रंग, भांडी, सगळं मिळून. पण पाणी हा त्यातला असा एक रस्ता आहे जो सरकारच्या मालकीचा आहे.

आणि सरकारने मनावर घेतलं तर होतं हो. २००० साली पेट्रोलमधून शिसं गेलं, कोणाची गाडी बंद पडली? घरगुती रंगाचा नियम २०१६ ला आला आणि नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत ९० भागांच्या वर शिसं नको, रंगवाले कुरकुरले आणि मग डब्यावर 'लेड फ्री' छापायला लागले. पीव्हीसी पाइपात शिशाचं स्टॅबिलायझर असायचं, बनवताना उष्णतेने पाइप जळू नये म्हणून घालायचे, त्याचेही केंद्राने २०२१ मध्ये नियम काढले. कागद चांगला आहे. माझ्या तालुक्याच्या बाजारात मात्र आजही आयएसआयचा शिक्का नसलेला पाइप शिक्क्याच्या पाइपाच्या शेजारीच उभा असतो, आणि तो कशाचा बनलाय असं विचारलं तर दुकानदार म्हणतो 'व्हर्जिन आहे हो', आणि तोंड फिरवतो. व्हर्जिन म्हणजे भंगारातून परत वितळवलेला नाही असा. आता भंगारातून केलेला पाइप म्हणजे काय, जुने शिसंवाले पाइप, त्यांचे पुन्हा दाणे, पुन्हा पाइप. नियमाने नव्या मालात शिसं घालायला अटकाव केला, पण जुनं शिसं भंगाराच्या दारातून परत आत आलं. इथे पाणी खातं म्हणणार कचऱ्याचं आमच्याकडे नाही, मंडळ म्हणणार पिण्याच्या पाण्याचं आमच्याकडे नाही. म्हणून दोघांना एकत्र बसवलंय.

अमेरिकेतलं फ्लिंट तुम्हाला माहीत असेल, मिशिगन राज्यातलं, लाखभर वस्तीचं गाव. एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवायला पाण्याचा स्रोत बदलून फ्लिंट नदीचं पाणी घेतलं, शहर तेव्हा राज्याने नेमलेल्या व्यवस्थापकाच्या हातात होतं. पाइप आतून खाल्ले जाऊ नयेत म्हणून पाण्यात फॉस्फेट घालतात ते घातलंच नाही. वर्षानुवर्षांचा आतला थर सुटला आणि शिशाच्या पाइपातलं शिसं पाण्यात उतरलं. त्याच ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याने ते पाणी घेणं बंद केलं, का तर सुटे भाग गंजायला लागले होते. इंजिनाला चालत नाही ते पाणी लोकं अजून एक वर्ष पीत होती! डॉ. मोना हॅना-अतिशा या बालरोगतज्ज्ञ बाईंनी मुलांच्या रक्ताचे आकडे जगासमोर ठेवले तेव्हा आधी राज्याच्या अधिकाऱ्यांनी त्यांनाच खोटं पाडायला बघितलं.

पण मला त्यातली एक बारीक गोष्ट जास्त लागली. तिथे नमुना घ्यायच्या सूचनेत लिहिलेलं होतं की आदल्या रात्री नळ थोडा वेळ सोडून ठेवा. म्हणजे काय, परीक्षेच्या आदल्या दिवशी उत्तरं सांगून ठेवायची. मिशिगनने २०१८ मध्ये स्वतःचा राज्याचा नियम कडक केला, असले प्रकार बंद केले, देशाची कारवाईची पातळी, म्हणजे जिच्या वर पाणीपुरवठा संस्थेला हालचाल करावीच लागते ती, १५ पीपीबी (अब्जात १५ भाग) असताना २०२५ पासून १२ ठरवली आणि घरांना जोडणारे शिशाचे पाइप वीस वर्षांत पाणीपुरवठा संस्थेच्या खर्चाने बदलायचे ठरवले. एवढं सगळं झाल्यावर शहाणपण आलं, ते आपल्याला आधी येऊ दे.

आपल्याकडे तसे घराघरात शिशाचे पाइप फारसे नाहीत हे मी मान्य करतो, आपल्याकडे जीआय, बीड, पीव्हीसी आणि पितळ. म्हणून मिशिगनपेक्षा मला कॅलिफोर्नियाचं उदाहरण जवळचं वाटतं. त्यांनी २००६ मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी २०१० पासून लागू केला, पाण्याला लागणाऱ्या पृष्ठभागात सरासरी ०.२५ टक्क्यांच्या वर शिसं असलेला नळ राज्यात विकायचाच नाही. तेव्हा बाकी देशात ८ टक्क्यांपर्यंतच्या फिटिंगला 'लेड फ्री' म्हणत होते. कारखानदार म्हणाले एका राज्यासाठी वेगळा माल कसा बनवायचा, आणि मग बनवला. देशाने तोच आकडा २०११ मध्ये कायद्यात घेतला, ४ जानेवारी २०१४ पासून. आणि मंडळाच्या साहेबांनी पुढचं वाक्य दोनदा वाचावं, तिथे हे नळ तपासायचं काम ज्या खात्याकडे दिलं ते घातक कचऱ्याचं खातं आहे. पाण्याचं नाही. दरवर्षी जास्तीत जास्त ७५ नग, दुकानातून, घाऊक बाजारातून उचलायचे, कापायचे, शिसं मोजायचं. पंच्याहत्तर म्हणजे फार नाहीत हो. आपल्याकडे पुण्याच्या बोहरी आळीत एक टेम्पो घेऊन गेलात तर दुपारपर्यंत गोळा होतील.

कचऱ्याचं खातं का, तर शिसं त्यांना कळतं. आपल्या मंडळालाही कळतं. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत कारखान्यातल्या गाळातून चाचणीत लिटरला ५ मिलिग्रॅम शिसं सुटलं की तो घातक ठरतो, मग त्याला परवानगी लागते, तळोजा, रांजणगाव नाहीतर बुटीबोरीच्या घातक कचऱ्याच्या केंद्रात न्यावा लागतो, ट्रक कुठून निघाला कुठे पोचला याचा कागद, म्हणजे मॅनिफेस्ट लागतो. चांगली शिस्त आहे. मग माझा प्रश्न साधा आहे, शहरात जुनी बिडाची मेन लाइन काढून नवीन टाकतात, तेव्हा त्या प्रत्येक सांध्यातलं किलो-किलो शिसं कुठे जातं? त्याचा मॅनिफेस्ट कोणी भरलाय का? मी सांगतो कुठे जातं, कारण मी उभा राहून बघितलंय. खड्ड्याच्या कडेला पाइप फोडतात, शिशाची कडी वेगळी काढतात, ती गोणीत, आणि गोणी संध्याकाळी भंगारात. काही ठिकाणी रीतसर लिलाव होतो, तोही किलोवर, पुढे घेणाऱ्याकडे भट्टी कसली आहे याची चौकशी कितपत होते देव जाणे. भंगारवाल्याला नावं ठेवत नाही मी, तो नसता तर आपली शहरं बुजली असती. पण तीच गोणी गावाबाहेरच्या एखाद्या भट्टीवर जाते जिथे रात्री जुन्या बॅटऱ्या कुऱ्हाडीने फोडतात, ॲसिड जमिनीवर ओततात आणि शिसं वितळवतात. बॅटरीचे नियम २००१ पासून आहेत, २०२२ ला नवीन आले, परत घ्या, नोंदणीकृत माणसालाच द्या. तरी रात्रीची भट्टी चालते, कारण ती रोख आणि वर दोन रुपये जास्त देते. तिथला धूर शेतात बसतो, शेताच्या खाली विहीर, आणि पितळाच्या भंगारात मिसळलेलं शिसं फिरून नव्या स्वस्त नळात. माझ्या वडिलांनी ओतलेला सांधा कुठल्या तरी पोराच्या किचनमध्ये तोटी होऊन परत आला असेल, नाही असं कोण म्हणेल?

म्हणून मागणं काय आहे ते सरळ लिहितो, नाहीतर म्हणाल पत्र लांबलं आणि मुद्दा नाही.

नमुना तोटीवर घ्या. सगळ्या राज्यात एकदम नको, कोणी करणार नाही ते. अंगणवाड्या आणि झेडपीच्या शाळा घ्या आधी, एका जिल्ह्यातल्या, सोमवारी सकाळी, शनिवार दुपारपासून नळ उघडलेला नसतो तेव्हा. पहिलं पाणी. हेडमास्तरांना आधी कळवू नका, म्हणजे कळवा, पण शिपायाने नळ सोडून ठेवू नये एवढंच कळवा. आणि निकाल कार्डावर लावा, त्याच हिरव्या-पिवळ्या-लाल कार्डावर एक ओळ वाढवा, नवीन पोर्टल काढू नका हात जोडतो.

टेंडरमध्ये तोटीची ओळ टाका. आज लिहिलेलं असतं 'पितळी, अमुक इंच, चांगल्या प्रतीचा'. चांगल्या प्रतीचा म्हणजे काय? तिथे शिशाचा आकडा लिहा आणि त्याप्रमाणे दर वाढवून द्या, जुन्या दरात नवीन आकडा लिहिलात तर माझ्यासारखा काँट्रॅक्टर खोटं सर्टिफिकेट आणेल, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. सरकार राज्यातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आहे, तुम्ही मागितलं की पितळाच्या कारखान्यांच्या जामनगरपर्यंत साचे बदलतील.

आणि मेन लाइन बदलायच्या प्रत्येक कामात निघालेल्या शिशाचं वजन मोजमाप पुस्तकात चढवा, ते कोणाला गेलं तेही, आणि मंडळाने वर्षातून दोन-चार ठिकाणी जाऊन ते वजन ताडून बघावं. पाइपाचा प्रत्येक मीटर मोजता ना, मग ते पण मोजा.

दिल्लीतून येईल तेव्हा बघू असं म्हणू नका. पाणी आणि सार्वजनिक आरोग्य हे घटनेच्या राज्याच्या यादीतले विषय आहेत, हे मला माझ्या मुलीने तिच्या एमपीएससीच्या पुस्तकात दाखवलं. २०१८ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवरची बंदी याच राज्याने स्वतःहून आणली होती, भाजीवाल्याला दंड करायला तेव्हा कोणाची वाट बघितली नव्हती.

त्या बाळाचं विचाराल तर मी किचनचा नळ बदलला, मागचा मीटरभर पाइप बदलला, तिसरी बाटली तपासली, ती खाली आली. डॉक्टरांनी हळद आणि कल्हईचं भांडंही बंद करायला लावलं होतं, त्यामुळे रक्तातला आकडा उतरला तो नेमका कशाने ते कोणाला सांगता येणार नाही. शेजारच्या सात फ्लॅटमध्ये तसलेच नळ आहेत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय मांडला, चेअरमन म्हणाले पार्किंगचं आधी मिटवू. चौघांनी नंतर हळूच फोन केला.

नमुने घ्यायला माणूस कमी पडला तर मला बोलवा, पैसे नकोत. सकाळी साडेपाचला मी कुठेही येऊन उभा राहतो.

आपला,
एक प्लंबर

ता.क. तो काढलेला नळ आणि पाइपाचा तुकडा माझ्याकडे पिशवीत आहे, दोन वर्षं झाली. भंगारवाला दर महिन्याला विचारतो, वजनाला बरा आहे म्हणतो. त्याला द्यायचा नसेल तर तुमच्या दोघांपैकी कोणाच्या ऑफिसात आणून द्यायचा तेवढं कळवा.